क्लॅम्प पडला, लागलं कोणालाच नाही, मग लिहायचं काहून?

या वेळचं पत्र नागपूरच्या बेसा साइडवरून आलं आहे. थोडं लहान करून देतो, बाकी शब्द तिचेच आहेत.

"काका, मी एका रेसिडेन्शियल साइटवर ज्युनिअर इंजिनिअर आहे, बारा बारा मजल्यांचे दोन टॉवर, नोकरीला अकरा महिने झाले. मागच्या गुरुवारी दुपारी बी टॉवरच्या मागच्या बाजूची परांची उतरवणं चालू होतं आणि सातव्या मजल्यावरून पाइप जोडायचा एक लोखंडी क्लॅम्प सुटून खाली आला. खाली एक रेजा, म्हणजे बाई मजूर, विटा रचून राहिली होती, ती पाणी प्यायला म्हणून उठली, चार पावलं गेली नाही तर मागे आवाज. विटेचे तुकडे उडाले, तिला काहीच लागलं नाही. ती पाच मिनिटं नुसती उभी राहिली आणि परत विटा उचलायला लागली. मी प्रोजेक्ट मॅनेजर म्हणजे पीएम सरांना विचारलं की नियर मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, फॉर्म भरू का, तर ते म्हणे लागलं का कोणाला, नाही नं, मग कागद काहून काळे करतेस, सोमवारी क्लायंटची मीटिंग आहे. सेफ्टीच्या रजिस्टरमध्ये चौदा महिन्यांत नियर मिस शून्य आहे. मुकादम म्हणतो मॅडम तुम्ही लिहिलं तर त्या पोराची हजेरी बंद होईल, तो बालाघाटचा आहे, नवीन आहे. मला त्याचं नुकसान नाही करायचं. दुसरं असं की आठवडाभर आधी एक जण सेफ्टी बेल्टचा हुक न लावता स्लॅबच्या कडेला उभा दिसला, मी खालूनच ओरडले, तर तो वरून म्हणाला, मॅडम, लगाऊं कहां? सगळे हसले. तेव्हापासून मी कोणाला टोकत नाही. लिहू का नको? आणि टोकायचं कसं?"

बेटा, लिही. पण लिहायच्या आधी एक काम कर, आणि हे पत्र दुपारी वाचत असशील तर आत्ताच उठून कर. परांची अजून उतरवून राहिले असतील तर त्याच्या खालचा पट्टा बंद कर, नुसती लाल-पांढरी फीत बांधून नाही, ती फीत आपल्याकडे लोक वाकून पार करतात हे तुलाही माहीत आहे, पत्रे किंवा बॅरिकेड लाव आणि एक माणूस उभा कर ज्याचं दिवसभर तेवढंच काम असेल. विटांचा ढीग तिथून हलव. हे करायला कोणाच्या फॉर्मची आणि कोणाच्या सहीची गरज नाही, ज्युनिअर असलीस तरी तेवढा अधिकार तुला आहे, आणि नाही असं कोणी म्हणालं तर त्याला तिथे विटांजवळ उभं राहून म्हणायला सांग.

आता तो क्लॅम्प. स्टोअरमधून शोधून आण, नाहीतर तसाच दुसरा घे आणि वजन कर. किलोच्या आसपास भरेल. सातवा मजला म्हणजे साधारण २१ मीटर धर. तू इंजिनिअर आहेस, हिशेब तुला येतो, खाली पोचायला दोन सेकंद आणि पोचताना वेग ताशी ७० किलोमीटरच्या वर. रिकाम्या वर्धा रोडवर मोटरसायकल जाते त्या वेगानं किलोभर लोखंड. तुला वाटेल तिच्या डोक्यावर हेल्मेट होतं. युरोपच्या स्टँडर्डमध्ये हेल्मेटची टेस्ट ५ किलोचं वजन १ मीटरवरून सोडून करतात, म्हणजे ४९ ज्यूल. तुझा क्लॅम्प २०० ज्यूलच्या वर घेऊन खाली आला. हेल्मेट त्याच्यासाठी बनलेलंच नाही. म्हणून पीएम जेव्हा विचारतात लागलं का कोणाला, तेव्हा खरं उत्तर असं आहे की त्या बाईला तहान लागली म्हणून ती वाचली. साइटवरची जाळी, परांचीच्या कडेची फळी म्हणजे टो-बोर्ड, परमिट, सेफ्टी ऑफिसर, तू, मी, आपल्यापैकी कोणीच तिला वाचवलं नाही. हे एक वाक्य फॉर्ममध्ये जसंच्या तसं गेलं तरी पुष्कळ झालं.

मी एवढ्या ठामपणे काहून सांगून राहिलो ते पण सांगतो. २००४ ची गोष्ट आहे, मी तुझ्यापेक्षा थोडाच मोठा असेन. एका साइटवर डक्टची भोकं प्लायवूड टाकून झाकली होती, प्लाय नुसता ठेवलेला, खिळे नाही, खालून पट्टी नाही. एक हेल्पर चालता चालता त्याच्यावर पाय देऊन गेला, प्लाय सरकला, त्याचा एक पाय मांडीपर्यंत आत गेला आणि दुसरा वर अडकला म्हणून तो राहिला. आम्ही त्याला ओढून काढलं, पँट फाटली होती, तो हसला, आम्ही पण हसलो, मी त्याला चहा पाजला आणि प्लाय परत जागेवर ठेवायला लावला. लिहिलं काहीच नाही. काय लिहायचं, लागलं तर नव्हतं. नऊ दिवसांनी दोन मजले वर दुसरा एक माणूस डोक्यावर घमेलं घेऊन जात होता, त्याला खाली दिसतच नव्हतं, तिथला प्लाय असाच सरकला, तो चार मजले गेला. मी त्याच्या गावी गेलो होतो, रामटेकच्या पुढे आहे. त्याच्या बापानं मला एवढंच विचारलं, साहेब, झाकण नव्हतं का? झाकण होतं. झाकण सरकतं हे त्या साइटवर एका माणसाला नऊ दिवसांपासून माहीत होतं आणि तो माणूस मी होतो. मी तेव्हा एक कागद लिहिला असता तर पूर्ण बिल्डिंगमधले प्लाय एका दुपारी ठोकून झाले असते, त्याला एक सुतार आणि खिळ्यांचा एक डबा लागतो.

म्हणून तुला सांगतो, हा कागद साइटनं तुला स्वतःहून दिलेली बातमी आहे. रक्त न सांडता मिळालेली. अशी बातमी मिळाली की ती बिल्डिंगच्या प्रत्येक मजल्यावर फिरवायची असते, आणि ज्यानं ती आणली त्याच्या हजेरीला हात लागू द्यायचा नसतो. दुसरी गोष्ट पाळली नाही तर पहिली आपोआप बंद होते. तुमच्या रजिस्टरमधलं शून्य असंच तयार झालं असणार. दोन टॉवर, रोजचं उंचीवरचं काम, परांची, हॉईस्ट, कटिंग, वेल्डिंग, आणि चौदा महिन्यांत एकही वस्तू पडली नाही, एकही पाय घसरला नाही? याचा अर्थ मला एकच दिसतो, लोकांनी तोंड मिटलं आहे, कारण कधीतरी कोणीतरी बोलला आणि त्याचा दिवस कापला गेला. मुकादमाला जाऊन विचार, त्याला तो माणूस नावानिशी आठवत असेल.

आता त्या पोराचं. त्याच्याशी आधी बोल, पण बोलायच्या आधी पीएमशी एवढं पक्कं कर की त्याला काढणार नाही, कारण जी गोष्ट आपल्या हातात नाही तिचं वचन मजुराला द्यायचं नाही, एकदा ते खोटं पडलं की पुढची दोन वर्षं तुझ्याशी कोणी खरं बोलणार नाही. ते पक्कं झालं की मुकादमाला सोबत घे, पोराला ऑफिसमध्ये बोलावू नको, साइट ऑफिसच्या खुर्चीवर बसवलं की तो फक्त जी मॅडम जी मॅडम म्हणेल. जिथून क्लॅम्प सुटला त्या मजल्यावर जा, पण आतल्या बाजूला सावलीत, आणि विचार, क्या हुआ था, दिखा. दाखव म्हण, सांग म्हणू नको. तो हातानं दाखवून राहिला की तुला जे दिसेल ते कोणत्याच रिपोर्टमध्ये येत नाही. मी असं पाहिलं आहे की क्लॅम्प सिमेंटच्या रिकाम्या बोरीत भरून उतरवतात आणि बोरी खालून फाटलेली असते. किंवा टो-बोर्ड होता पण विटा आत घ्यायला म्हणून तीन दिवस आधी कोणीतरी काढला आणि परत लावणं कोणाचं काम हे ठरलेलंच नव्हतं. किंवा जाळी आहे, फोटोत छान दिसते, पण कोपऱ्यावर बांधायच्या तारेनं आवळलेली आहे आणि तिथे हातभर फट. किंवा पान्याला दोरी नाही, क्लॅम्प सोडवताना एका हातानं पाइप धरायचा, दुसऱ्या हातानं पाना, मग सुटलेला क्लॅम्प तिसऱ्या कोणत्या हातात धरायचा? आणि सध्या नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू आहे, दुपारी दोन वाजता लोखंडाला हात लावून पाहा. हातमोजे घामानं ओले, ते काढले तर पाइप चटका देतो. पारा ४५ च्या वर गेला असताना भर दुपारी सातव्या मजल्यावर परांची उतरवायला कोणी सांगितलं, हा प्रश्न पण त्याच कागदावर आला पाहिजे. त्या पोराचा हात सुटला हे खरं असेलच, पण त्याच्या जागी तू असतीस तर तुझाही सुटला असता का, एवढं स्वतःला विचार आणि मगच लिही.

लिहिताना नाव नको. सरळ लिही की अमुक तारखेला दुपारी अडीचच्या सुमारास बी टॉवरच्या मागच्या बाजूला सातव्या मजल्यावरून परांची उतरवताना १ किलोचा क्लॅम्प २१ मीटर खाली पडला, पडला त्या जागी काही सेकंदांपूर्वी एक कामगार बसून होती, ती पाण्यासाठी उठल्यानं वाचली, खाली बॅरिकेड नव्हतं, टो-बोर्ड काढलेला होता, क्लॅम्प फाटक्या बोरीत उतरवत होते, खालचा पट्टा अमुक तारखेला बंद केला, आणि आता बादली, दोरी, पान्याला बांधायची दोरी म्हणजे लॅनयार्ड हे एवढं लागतं, अमुक माणूस, अमुक तारीख. उदाहरण म्हणून हे मी अंदाजानं लिहिलं, तू जे पाहिलंस तेच लिही, न पाहिलेलं एक अक्षर नको. "निष्काळजीपणा" हा शब्द वापरू नको, तो शब्द आला की पुढे कोणी शोधतच नाही, सगळ्यांना उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. फोटो लाव, पण माणसाचा चेहरा नसलेला.

विमानवाल्यांचं मला नेहमी पटतं. अमेरिकेत १९७६ पासून पायलट आणि कंट्रोलर आपल्या चुका स्वतःहून लिहून पाठवतात, आणि ते कागद लायसन्स काढून घेणाऱ्या खात्याकडे जात नाहीत, नासाकडे जातात, तिथे नावगाव पुसून टाकतात आणि मग त्यातली शिकण्यासारखी गोष्ट सगळ्यांना कळवतात. नाव पुसणारा आणि दंड करणारा हे दोन वेगवेगळे लोक ठेवले म्हणून लोक लिहितात. आपल्या साइटवर नासा नाही, पण एक पेटी ठेवता येते, कुलूपवाली, मुताऱ्यांच्या रस्त्यावर जिथे कॅमेरा नाही आणि मुकादम उभा राहत नाही, आणि ज्याला लिहिता येत नाही त्यानं व्हॉट्सॲपवर आवाज पाठवावा, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी, जी त्याची असेल त्या भाषेत. तुझ्या नंबरवर आलं की तू लिहून घ्यायचं आणि नाव तुझ्यापाशी ठेवायचं.

एक सावध करतो. तू हे सुरू केलंस आणि क्लायंटला आवडलं की ते टार्गेट लावतील, महिन्याला दहा नियर मिस पाहिजेच. मग दहा येतील, एकवीस तारखेनंतर एकदम येतील, आणि सगळे असे की हेल्मेटचा पट्टा लावला नव्हता, रस्त्यावर पाइप पडला होता. ते नियर मिस नाहीत. पाइप रस्त्यात पडून आहे ही धोक्याची जागा झाली, त्याच्यावरून कोणी अडखळला आणि खड्ड्याच्या कडेला जाऊन थांबला तो नियर मिस. दोन्ही लिहावं, पण वेगवेगळं, नाहीतर कचऱ्यात खरं दाबून जातं. त्याच्या उलट बाजूचं पण तेवढंच वाईट, शून्य अपघात झाले की पूर्ण गँगला प्रेशर कुकर बक्षीस. चांगल्या मनानं सुरू करतात, पण मग ज्याचं बोट चेचलं तो रुमाल गुंडाळून गप राहतो कारण चाळीस लोकांचा कुकर त्याच्यामुळे जाईल. बक्षीस द्यायचंच असेल तर ज्यानं सांगितलं त्याला द्या, आणि त्यानं सांगितलेलं दुरुस्त केल्यावर द्या.

तुझ्या ऑफिसमध्ये भिंतीवर तो पिरॅमिड पण असेल, १, २९, ३००. हा हाइनरिक नावाच्या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसानं १९३१ मध्ये मांडला, एका मोठ्या इजेमागे २९ छोट्या इजा आणि ३०० बिनइजेचे प्रसंग. त्यातली कल्पना कामाची आहे, आकडा मात्र जपून वापर. लोक त्याचा अर्थ असा लावतात की बोटं कापणं कमी केलं की मरणं आपोआप कमी होईल. साइटवर तसं होत नाही. माणूस मरतो तो उंचीवरून पडून, मातीत दबून, करंट लागून, उचललेलं वजन किंवा गाडी अंगावर येऊन. त्या चार-पाच गोष्टींच्या नियर मिसला मी पहिला नंबर देईन, बाकी शंभर कागद एका बाजूला आणि हे एका बाजूला. आणि आपल्या नागपूरकडे मातीचं विशेष लक्षात ठेव, ही काळी माती उन्हाळ्यात तडकते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिला पाऊस त्या भेगांत उतरला की कालपर्यंत भिंतीसारखी उभी असलेली खड्ड्याची बाजू बसते. एक घनमीटर माती दीड टनाच्या वर जाते, छातीपर्यंत दबलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. जूनमध्ये खड्ड्याच्या कडेवरून ढेकूळ सुटून खाली आलं आणि खाली कोणी नव्हतं, एवढं दिसलं तरी फॉर्म भर आणि खड्ड्यात उतरणं थांबव. करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी सारखा ट्रिप होतो म्हणून कोणी वायर डायरेक्ट केली तर तसंच. तो ट्रिप होत होता म्हणजे तो तुला काहीतरी सांगत होता.

पीएमकडे कसं जायचं? त्यांना भाषण देऊ नको, त्यांच्यावर स्लॅबच्या तारखा आहेत, ते वाईट माणूस असतीलच असं नाही, वीस वर्षांत त्यांना पण कोणीतरी हेच शिकवलं असेल. सोमवारच्या मीटिंगआधी क्लॅम्प त्यांच्या टेबलावर ठेव आणि सांग की सर, हा २१ मीटरवरून बाईच्या जागेवर पडला, आपण खालचा पट्टा बंद केला, बादल्या मागवल्या, हे क्लायंटला आपणच सांगू या. काय झालं आणि काय केलं हे दोन्ही सोबत गेलं की कागदाची भीती अर्धी होते. क्लायंटला दुसरीकडून कळलं तर मात्र उत्तर देणं जड जाईल हे पण त्यांना कळतं. नाही म्हणाले तर संध्याकाळी चार ओळींचा मेल टाक, पीएम आणि सेफ्टी ऑफिसर दोघांना, भांडण नाही, आवाज चढवलेला नाही, नुसतं काय पाहिलं ते आणि फोटो. त्याच्यावर हेड ऑफिसचा सेफ्टीवाला असतो, तिथपर्यंत जायची वेळ आली तर आधीचा मेल तुझ्या हातात असतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण "लागलं नाही म्हणजे काही नाही" हे कायदा पण म्हणत नाही. बांधकाम मजुरांचा १९९६ चा कायदा होता, त्यात मृत्यू झाला किंवा माणूस ४८ तास कामाला येऊ शकला नाही तर कळवायचं. आता २०२० चा सेफ्टी, हेल्थ आणि वर्किंग कंडिशन्सचा कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. त्यात धोकादायक घटना कोणाला इजा झाली असो वा नसो कळवायच्याच आहेत, त्याच्या प्रकारांची यादी नियमांत असते. क्रेन उलटणं किंवा परांची कोसळणं जातीचं मोठं काही असेल तर फॉर्मवर थांबू नको, सेफ्टी ऑफिसरला नियम उघडायला लाव. तुझा एक क्लॅम्प त्यात बसेल असं मी म्हणत नाही, पण त्याच कोडच्या कलम १४ मध्ये तुझ्या कामाचं आहे, गंभीर इजा किंवा जीव जायची वाजवी भीती वाटली तर कामाला असलेला माणूस मालकाला थेट किंवा सेफ्टी कमिटीच्या मेंबरमार्फत सांगू शकतो आणि त्याच वेळी सरकारी इन्स्पेक्टरला पण कळवू शकतो. पूर्वी ५०० कामगारांवर सेफ्टी ऑफिसर लागायचा, नव्या कोडमध्ये बांधकामाला २५० वर आहे. ठेकेदारांची सगळी माणसं धरून तुमचा आकडा काढ. नोकरीला काही होणार नाही असं मी खोटं सांगणार नाही, होऊ शकतं. म्हणून रोजची एक डायरी ठेव, तारीख, वेळ, कोणाला काय सांगितलं, पेनानं, पान न फाडता. आणि एकटी पडू नको, सेफ्टी ऑफिसरला तुझ्या बाजूनं घे, त्यालाही त्या शून्यावर रोज सही करताना बरं वाटत नसेल.

ऑगस्ट २०२३ मध्ये समृद्धीच्या कामावर शहापूरजवळ पुलाचे गर्डर बसवणारं यंत्र, गर्डर लाँचर, कोसळलं, २० माणसं गेली, तेव्हा आठवडाभर सगळीकडे तेच. क्लॅम्पच्या आकाराची बातमी कोणीच छापत नाही, ती तुझ्यासारखीलाच लिहावी लागते.

आता टोकायचं. तो माणूस वरून म्हणाला, मॅडम, लगाऊं कहां? आणि तुला वाटलं त्यानं तुझी फजिती केली. बेटा, तुमच्या साइटवरचा चौदा महिन्यांतला सगळ्यात चांगला रिपोर्ट तोच होता. कडेला उभा असलेला माणूस तुला सांगून राहिला होता की हुक आहे, पट्टा आहे, अडकवायला काहीच नाही. लोक हसले कारण त्यांना सगळ्यांना ते आधीपासून माहीत होतं. तू उद्या त्याच स्लॅबवर जा आणि त्याच्याच नजरेनं बघ. लाईफलाईन, म्हणजे हुक अडकवायची दोरी, आहे का, ती सळईला बांधली आहे का कॉलमला, हुक छातीच्या वर लागतो का पायापाशी, कारण पायापाशी लावला तर पडल्यावर झटका फार मोठा बसतो आणि दोरी लांब असेल तर तो खालच्या स्लॅबवर आपटल्यावरच दोरी ताणेल. कडेला रेलिंग टाकली तर हुकचा प्रश्नच अर्धा मिटतो, माझं मत विचारशील तर आधी रेलिंग, मग अंगावरचा सेफ्टी बेल्ट म्हणजे हार्नेस, आपल्याकडे उलटं करतात कारण हार्नेस मजुराच्या अंगावर दिसतो आणि दोष पण त्याच्याच अंगावर टाकता येतो.

आणि खालून ओरडायचं नाही, कधीच नाही. कडेला उभा माणूस आवाजानं मान वळवतो, वळताना वजन सरकतं, तू वाचवायला गेली आणि पाडशील. वर जा. त्याच्या मजल्यावर, त्याला दिसशील अशी, आतल्या बाजूला उभी राहा, त्याच्या हातातलं काम संपू दे, मग नाव घेऊन बोलाव, नाव माहीत नसेल तर भैय्या म्हण, जरा इधर आना. तो कडेपासून आत आला की अर्धं काम झालं. मग विचार, किसलिए नहीं लगाया, आणि उत्तराची वाट पाहा, दहा सेकंद गप राहणं आपल्या इंजिनिअर लोकांना फार जड जातं पण राहा. कधी जागा नसते, कधी दोरी आखूड असते आणि सेंट्रिंगची प्लेट त्या टोकाला ठोकायची असते, कधी तो स्क्वेअर फुटावर काम करत असतो आणि प्रत्येक वेळी हुक काढ-घाल केली की संध्याकाळी पैसे कमी पडतात. पैशाचं कारण असेल तर ते त्याला समजावून सुटणार नाही, ठेकेदाराशी रेटचं बोलावं लागेल, ते वर पोचव. त्याच्या चुकीवर बोलायचं असेल तर एकटं बोल, त्याची बायको पण त्याच साइटवर विटा वाहत असते, तिच्यासमोर त्याला पोरीच्या वयाच्या मॅडमनं झापलं की तो सेफ्टी विसरून फक्त तेवढंच लक्षात ठेवतो.

तुझ्या वरच्या माणसाला टोकायचं असेल, समज पीएमच हेल्मेट न घालता राउंडला निघाले, तर मागे मागे जाऊन हेल्मेट हातात दे, सर तुमचं राहिलं. बस एवढंच. ते घालतात. मी तीस वर्षांत एकच माणूस पाहिला ज्यानं घातलं नाही, आणि त्याच्यामागून त्या दिवशी कोणीच घातलं नाही.

त्या हुकवाल्याकडे परत जा. लाईफलाईन बसली की त्याला घेऊन जा आणि म्हण, तुमने पूछा था ना कहां लगाऊं, यहां. टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधी मजुरांशी सेफ्टीचं बोलतात तेव्हा, पण सांग, एका कामगारानं विचारलं म्हणून ही लाईन आली, नाव त्याची परवानगी असेल तरच घे. बोललं की काहीतरी बदलतं हे लोकांनी डोळ्यांनी एकदा पाहिलं की पेटीत कागद यायला लागतात, पोस्टरनं येत नाहीत.

आणि ती बाई. तू लिहिलंस ती पाच मिनिटं उभी राहिली आणि परत विटा उचलायला लागली, तेवढ्या वेळात तिच्याशी कोणी बोललं का हे तुझ्या पत्रात नाही. सकाळी तिला गाठ, चहा दे, तिला त्या जागी घेऊन जा आणि विचार ती नेमकी कुठे बसली होती, रोज कुठून कुठे जाते, पाण्याचा ड्रम कुठे आहे, लेकरू सोबत आणते का आणि ते कुठे खेळतं. खडूनं तिलाच खाली खूण करायला सांग. त्या खुणेपासून बॅरिकेड कुठपर्यंत न्यायचं ते तिथेच ठरव, ती समोर असताना. बॅरिकेड लागल्यावर मला फोटो पाठव.